कोल्हापुरात तीन लाखांच्या आत जुनी गाडी घ्यायची आहे; फसगत होऊ नये म्हणून काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की घरात चार माणसं, रोज कळंब्याहून गोकुळ शिरगावला जाणं-येणं, महिन्यातून एकदा गारगोटीला गावी. समोर दोन गाड्या आहेत: राजारामपुरीतल्या एका घरची २०१४ ची पेट्रोल वॅगन आर आणि निपाणीच्या एजंटकडची डिझेल स्विफ्ट. कुठली घेऊ, असं विचारलंय.

मॉडेलचं नंतर बघू. आपल्या भागात जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न वेगळाच विचारायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ही गाडी कुठं उभी होती?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरी, दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्कचा खालचा भाग इथं पार्किंगमध्ये किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. सांगलीतही तेच झालं, २०२१ ला चिपळूणलाही. अशा गाड्या विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही असं धरून विकते, कुणीतरी त्या उचलतो, धुऊन पॉलिश करून पुन्हा बाजारात आणतो. बुडालेल्या गाडीचं इंजिन उघडून साफ करता येतं हो, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला गाळ काही निघत नाही. मी उद्यमनगरात स्पेअर पार्टच्या दुकानात असतो. असा गाडीमालक काउंटरवर लगेच ओळखू येतो. आज सेन्सर मागतो, महिन्याभरानं पॉवर विंडोची मोटर, मग फ्यूज बॉक्स, आणि दर वेळी म्हणतो, "एवढं झालं की गाडी ओके आहे बघा."

मावसभावासाठी हायवेच्या कडेला एका डीलरकडं गाडी बघायला गेलो होतो. २०१७ ची पांढरी हॅचबॅक, कोरी सीट कव्हरं, आत परफ्यूमचा दरवळ. भाऊ तर खुळावलाच. मी पुढचा सीटबेल्ट धरला आणि संपेपर्यंत बाहेर ओढला. शेवटची वीतभर पट्टी तांबूस, कडक, आणि त्यावर आडवी सरळ रेघ. डीलर म्हणाला, "धूळ हो साहेब, वापरातली गाडी आहे." मग सीट मागे सरकवून खाली बॅटरी मारली, तर सीटचे रूळ गंजलेले आणि बोल्ट मात्र नवेकोरे. पुढं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुम्हीही एवढं तरी बघाच: चारही सीटबेल्ट, सीटखालचे रूळ, डिकीत स्टेपनी काढून त्याखालचा खड्डा आणि हेडलाइटच्या काचेआत धुरकटपणा. बाहेरून सगळं चकाचक करता येतं, पण या जागांवर सहसा कुणी हात फिरवत नाही.

मीटरच्या आकड्यावर जाऊ नका. तो मागं फिरवणं आता अवघड राहिलेलं नाही. ४० हजार किलोमीटर म्हणतात आणि ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंगचं कातडं चकचकीत झालेलं, असं असेल तर समजून जा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ऐंशी हजार चाललेली गाडी विकणारा खरं सांगत असेल आणि सर्व्हिसिंगची बिलं दाखवत असेल, तर मला ती 'फक्त तीस हजार' वाल्या गाडीपेक्षा जास्त आवडते. गाडीचं सर्व्हिसिंग कंपनीत झालं असेल तर मालकालाच बरोबर घेऊन तिथं जा आणि जुनी नोंद काढायला सांगा. तो 'वेळ नाही' म्हणायला लागला तर तुम्हीही वेळ घालवू नका.

गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघायला जा. आधीच सुरू करून ठेवली असेल तर बंद करून थोड्या वेळानं या म्हणावं. निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला तर मेस्त्रीला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग एसी लावून वाघबीळावरून पन्हाळ्याला चढवा. चढावर रेस वाढते आणि गाडी मात्र तेवढी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट गेली. वर पोचेपर्यंत टेम्परेचरचा काटा स्थिर राहिला पाहिजे. स्वतःचा मेस्त्री बरोबर न्या, डीलरनं सुचवलेला नको. त्याच्या तासाभराच्या कामाचे पैसे हातात द्या, चहावर भागवू नका.

कागदपत्रांत आपल्याकडं हमखास अडकतं ते बोज्यावर, म्हणजे आरसीवरच्या कर्जाच्या नोंदीवर. इथं गाड्या बँकेइतक्याच पतसंस्थांच्या कर्जावर घेतलेल्या असतात. कर्ज फिटलं, पण आरसीवरचा बोजा कुणी उतरवलाच नाही, असं सर्रास असतं. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि संस्थेचा कर्ज फिटल्याचा दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन परिवहनच्या ॲपवर दिसतात, ती मालकाला भरायला लावा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी ताबडतोब स्वतःच्या नावावर करा. "करू की निवांत" म्हणत वर्ष गेलं आणि मधे अपघात झाला तर दोघंही कोर्टाच्या पायऱ्या चढतात. विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवून पॉलिसीही नावावर घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, त्याचाच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी आणि सिलिंडरची चाचणी तीन वर्षांच्या आतली हवी.

आता तुमच्या दोन गाड्या. स्विफ्टचं ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन दणकट होतं यात वाद नाही, पार्टही मिळतात. पण कर्नाटकची गाडी म्हणजे तिकडची एनओसी, इकडं वयाप्रमाणे पुन्हा रोड टॅक्स, नवा नंबर आणि तिकडच्या टॅक्सच्या परताव्यासाठी हेलपाटे. एजंटची गाडी स्वस्त दिसते ती हे सगळं सोडून. ती मुळात दिल्लीची तर नाही ना, तेही आरसीवरून बघा, कारण तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या बाहेरच्या राज्यांत उतरतात. शिवाय तुमचं रोजचं अंतर डिझेलचा खर्च भरून निघण्याइतकं नाही.

वॅगन आर आधी बघा. तिची नोंदणी २०२९ पर्यंत आहे, त्यानंतर फिटनेस आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी वाढवता येईल. तिचा पार्ट आमच्यासारख्या कुठल्याही दुकानात, गारगोटीतसुद्धा, उभ्या उभ्या मिळतो. तीनच्या तीन लाख मात्र गाडीत घालू नका. पस्तीस-चाळीस हजार टायर, बॅटरी, विमा आणि ट्रान्सफरसाठी बाजूला ठेवून उरलेल्यात सौदा करा. आणि मालकाला महापुराचं विचाराल तेव्हा तो काय सांगतो ते ऐकता ऐकता सीटबेल्ट ओढून बघत राहा.