स्टार खेळाडू घेतला की टीव्हीचा करार फुगतो का? बेसबॉलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे): लॉस एंजेलिस डॉजर्सनी शोहेई ओतानीला १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलर कबूल केले. अख्खा जपान त्याचे सामने बघतो. म्हणजे हा पैसा टीव्हीच्या हक्कांतूनच सुटत असणार ना?

उत्तर: नाही. आयपीएलचे सगळे प्रसारण हक्क बीसीसीआय एकत्र विकते; मुंबई इंडियन्सला वानखेडेवरच्या सामन्यांचा वेगळा सौदा करता येत नाही. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये हे अर्धंच खरं आहे. देशभर दिसणाऱ्या सामन्यांचे आणि परदेशातले हक्क लीग विकते आणि तो पैसा ३० संघांत सारखा वाटला जातो. जपानची एनएचके वाहिनी ओतानीसाठी जे मोजते, त्यातला जेवढा वाटा डॉजर्सना मिळतो तेवढाच पिट्सबर्गच्या संघालाही मिळतो.

संघाच्या हातात उरतात ते फक्त आपल्या भागातले हक्क. डॉजर्सनी ते २०१३ मध्येच टाइम वॉर्नर केबल या कंपनीला विकून टाकले: २५ वर्षं, बातम्यांनुसार ८.३५ अब्ज डॉलर, मुदत २०३८ पर्यंत. ओतानी आला डिसेंबर २०२३ मध्ये. दरवर्षीचे हप्ते आधीच ठरलेले, त्यामुळे त्याच्यामुळे कितीही नवे प्रेक्षक आले तरी या करारात भर पडत नाही. त्याच्यामुळे वाढतो तो तिकिटांचा गल्ला, मैदानातल्या फलकांवर येणाऱ्या जपानी कंपन्यांची जाहिरात आणि जर्सीवरच्या पट्टीचा भाव. शिवाय ७० कोटींतले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी मिळायचे आहेत. तोपर्यंत वर्षाला २० लाखच. त्यामुळे आज त्याच्या हातात थेट पगार फार जात नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

प्रश्न (नाशिक): मग स्टार घेतला की टीव्हीचा करार वाढतो, असं का म्हणतात? असं कधी झालंय का?

उत्तर: झालंय, पण त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: जुना करार संपत आलेला किंवा मोडता येण्याजोगा असायला हवा आणि बाजारात दुसरं गिऱ्हाईक हवं.

८ डिसेंबर २०११ चंच उदाहरण घ्या. त्या एका दिवशी लॉस एंजेलिस एंजल्सनी स्टार फलंदाज आल्बर्ट पूहोल्सला १० वर्षांसाठी २४ कोटी डॉलरना आणि पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) सी. जे. विल्सनला ५ वर्षांसाठी ७.७५ कोटींना घेतलं. त्याच सुमारास फॉक्स स्पोर्ट्स वेस्ट या वाहिनीबरोबरचा त्यांचा नवा करार उघड झाला. तो सुमारे २० वर्षांचा, ३ अब्ज डॉलरच्या घरातला असल्याचं तेव्हा छापून आलं आणि वाहिनीत भागीदारीही मिळाली. लोकांनी लगेच अर्थ लावला की पूहोल्समुळे एवढा पैसा आला.

खरं कारण दहा महिने आधी घडलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये बास्केटबॉलचा लेकर्स संघ फॉक्सला सोडून टाइम वॉर्नर केबलकडे गेला. फॉक्सच्या वाहिनीवर हिवाळाभर भोकच पडणार होतं. आता एंजल्सही गेले असते तर केबल कंपन्यांपुढे दर वाढवून मागायला फॉक्सकडे फारसं काही उरलं नसतं. शहरात दोन धनाढ्य वाहिन्या समोरासमोर, आणि वर्षाला १६२ सामने खेळणारा संघ. भाव या भांडणाने चढला. पूहोल्समुळे संघमालकाला एवढंच दाखवता आलं की पुढची काही वर्षं संघ बघण्याजोगा राहील. आणि पैसा दोन्ही दिशांनी वाहतो: टीव्हीची हमी मिळत होती म्हणून पूहोल्सला एवढा आकडा देणं परवडलं.

पूहोल्सच्या दहा मोसमांत एंजल्स प्लेऑफला एकदाच पोहोचले, २०१४ मध्ये, आणि तिथेही एकही सामना न जिंकता परतले. मे २०२१ मध्ये त्याला मोकळं केलं. वाहिनीला मात्र हप्ते भरत राहावे लागले. म्हणूनच वाहिन्यांचे जाणकार खेळाडूच्या नावापेक्षा शहरातली घरं मोजतात.

प्रश्न (डॅलस): माझ्या केबलच्या बिलात ‘रीजनल स्पोर्ट्स फी’ दिसते. संघाच्या पैशाशी तिचा नेमका संबंध काय?

उत्तर: सगळा डोलारा त्या फीवरच उभा आहे. वाहिनी केबल कंपनीकडून दर घरामागे दरमहा ठरावीक रक्कम घेते, मग त्या घरात कुणी बेसबॉल बघो वा न बघो. जाहिरातींचं उत्पन्न त्यापुढे कमी असतं. म्हणून प्रेक्षकसंख्या दुप्पट झाली तरी वाहिनीचं उत्पन्न दुप्पट होत नाही.

समजण्यापुरतं एक गणित करू. वाहिनी ३० लाख घरांत जाते, फी ३ डॉलर. वर्षाचे झाले १०.८ कोटी डॉलर. संघाने मोठा खेळाडू घेतला, त्या जोरावर वाहिनीने फी २५ सेंटनी वाढवली, तर ९० लाख डॉलर जादा येतात. असा खेळाडू वर्षाला सहज ३ कोटी डॉलर घेतो, म्हणजे फीच्या वाढीतून त्याचा तिसरा हिस्साही निघत नाही. आता त्याच काळात १० टक्के लोकांनी केबल तोडलं असं धरा. २७ लाख घरं गुणिले ३.२५ गुणिले १२ म्हणजे १०.५३ कोटी. स्टार घेऊन, फी वाढवूनही उत्पन्न आधीपेक्षा कमी!

केबल कंपनी अडून बसली तर आणखीच बिकट. डॉजर्सचे सामने दाखवणाऱ्या नव्या वाहिनीने २०१४ मध्ये घरामागे ४ डॉलरहून जास्त मागितले. डायरेक्टीव्ही ही उपग्रह टीव्ही कंपनी आणि इतरांनी नकार दिला. त्या वर्षी १८ जूनला डॉजर्सचा पिचर क्लेटन कर्शॉने १५ फलंदाज स्ट्राइकआउट करत नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिला नाही, आणि त्याच्याच शहरातल्या निम्म्याहून जास्त घरांत तो दिसला नाही. तो तिढा सुटायला एप्रिल २०२० उजाडला. संघाचे हप्ते चालू होते, पण सहा वर्षांत मोठी झालेली मुलं संघ टीव्हीवर न बघताच मोठी झाली. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, आणि आम्हाला ते सगळ्यात मोठं वाटतं.

प्रश्न (मडगाव): सॅन दिएगो पाद्रेसनी एवढे स्टार घेतले, तरी त्यांच्यावर खर्च कापायची वेळ का आली?

उत्तर: कारण हप्ते देणारी वाहिनीच बुडाली. पाद्रेसचा फॉक्सच्या प्रादेशिक वाहिनीबरोबरचा २०१२ चा करार २० वर्षांचा होता, साधारण १.२ अब्ज डॉलरचा. पुढे फॉक्सच्या अशा सगळ्या प्रादेशिक वाहिन्या सिंक्लेर या कंपनीने घेतल्या आणि त्या चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. पाद्रेसनी तोवर स्टार फलंदाज हुआन सोटोला आणलं होतं, झँडर बोगार्ट्सला ११ वर्षांसाठी २८ कोटी आणि मॅनी मचाडोला ११ वर्षांसाठी ३५ कोटी डॉलर कबूल केले होते. मैदानात त्या मोसमात ३२ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. पण डायमंडने हप्ता चुकवला आणि ३१ मेपासून सामने दाखवायची जबाबदारी लीगवर आली. बुडणाऱ्या रकमेपैकी ८० टक्क्यांपर्यंतची हमी लीगने दिली, तीही त्या वर्षापुरती. डिसेंबरमध्ये सोटो न्यूयॉर्क यांकीज संघाकडे गेला. दिवाळखोर कंपनी तोट्याचा करार सोडून देऊ शकते. खेळाडूचा हमीचा करार संघाला तसा सोडता येत नाही.

प्रश्न (ठाणे): संघ रोख रकमेऐवजी वाहिनीत भागीदारी का मागतात?

उत्तर: महसूल वाटपामुळे. स्थानिक उत्पन्नातून मैदानाचा खर्च वजा केल्यावर ४८ टक्के सामायिक खात्यात जातात आणि ते ३० संघांत सारखे वाटले जातात. १०० डॉलर जादा मिळाले तर ४८ जातात, त्यातले १.६० परत येतात, पदरात पडतात ५३.६०. वाहिनीच्या मालकीतून होणारा नफा हक्कांच्या रकमेसारखा सरळ या हिशेबात येत नाही. म्हणून हक्क स्वस्तात द्यायचे आणि भागीदारी वाढवून घ्यायची, असा मोह होतो. रक्कम बाजारभावापेक्षा फार कमी वाटली तर लीग ती तपासते.

प्रश्न (न्यू जर्सी): सोटोला डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरना घेतलं. त्यांच्या एसएनवाय वाहिनीचा तर फायदा होणारच?

उत्तर: वाहिनीचा होईल, पण ती आता मेट्सच्या मालकाची नाही. स्टीव्ह कोहेन यांनी २०२० मध्ये संघ विकत घेतला तेव्हा एसएनवायमधला हिस्सा जुन्या मालकांनी, विल्पॉन मंडळींनी, आपल्याकडेच ठेवला. सोटो खेळायला उभा राहिल्यावर वाहिनीवर येणाऱ्या जास्तीच्या जाहिरातींचा पैसा वाहिनीच्या मालकांकडे जातो, सोटोचा पगार मात्र कोहेन देतात.

वाहिनी आणि संघ एकाच घरात असताना गोष्ट वेगळी होती. मेट्सनी ऑक्टोबर २००४ मध्ये स्वतःची वाहिनी काढायचं जाहीर केलं, त्याच हिवाळ्यात पेद्रो मार्टिनेझ आणि कार्लोस बेल्ट्रान या दोन स्टारना घेतलं आणि मार्च २००६ मध्ये एसएनवाय सुरू झाली. केबल कंपन्यांशी दर ठरायचे होते, तेव्हा दाखवायला ही दोन नावं हाताशी होती.