हौशी बेसबॉलमध्ये हरलेला संघ नेहमी पंचांनाच दोष का देतो? पंचांमुळे खरंच सामना जातो का?

तुम्ही प्रश्नाखाली जो प्रसंग दिला आहे, तिथूनच सुरुवात करतो. शेवटची इनिंग, दोन आउट, तुम्ही एका रनने मागे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर तुमचे धावपटू. बॅटरने शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) जमिनीलगत चेंडू मारला, तिथून फेक पहिल्या बेसवर आली, ती बॅटरच्या आधी पोहोचली असं ठरवून पंचांनी आउट दिलं आणि सामना संपला. पहिल्या बेसच्या बाजूच्या डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतून, तुम्हा सगळ्यांना बॅटर स्पष्ट सेफ दिसला. आता अर्धा संघ म्हणतोय की पंचांनी हरवलं, आणि यात तथ्य किती, असं तुम्ही विचारताय.

मी अकरा वर्षं कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, म्हणून खेळलो आणि गेली सहा वर्षं हौशी सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. तो निर्णय चुकलेला असू शकतो, हे मी आधीच मान्य करतो. पण त्या निर्णयामुळे सामना गेला, हे मला पटत नाही.

आधी तो क्षण नीट बघू. हौशी सामन्यात बहुतेक वेळा दोनच पंच असतात: एक प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या आणि कॅचरच्या मागे, आणि एक मैदानात. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर धावपटू असताना मैदानातला पंच पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) मागे, तिसऱ्या बेसकडे झुकून उभा राहतो, कारण त्याला तिन्ही बेस सांभाळायचे असतात. तिथून पहिला बेस साठ-सत्तर फूट लांब पडतो. शॉर्टस्टॉपने फेकलेला चेंडू त्याच्यापासून दूर जात असतो, त्यामुळे तो ग्लोव्हमध्ये नेमका कधी शिरला, हे त्या कोनातून ओळखणं अवघड असतं. म्हणजे चूक व्हायला पुरेपूर जागा होती.

पण तुमच्या डगआउटमधून तरी काय दिसत होतं? फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक, फेक घ्यायला शॉर्टस्टॉपच्या दिशेने ताणला गेला होता, म्हणजे तुमच्याकडे त्याची पाठ होती. बेसवर पडलेला बॅटरचा पाय तुम्हाला छान दिसला. ग्लोव्ह त्याच्या अंगाआड होता. चेंडू पोहोचला हे तुम्हाला कळलं ते ‘थप्’ आवाजावरून. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो. तुम्ही ६० फुटांवर बसला असाल तर तो तुमच्या कानापर्यंत यायला सेकंदाचा विसावा भाग लागला. तेवढ्या वेळात सेकंदाला २५ फूट धावणारा माणूस सव्वा फूट पुढे जातो. डोळ्यांनी पाय तत्काळ पाहिला आणि कानांनी चेंडू उशिरा ऐकला, तर फूटभराने आउट असलेला धावपटूही सेफ वाटणारच. पहिल्या बेसजवळ उभे राहणारे पंच पायाकडे बघतात आणि कानाने ग्लोव्हचा आवाज टिपतात, हे खरं आहे. पण ती पद्धत जवळून चालते. लांबून कानावर भरवसा ठेवायचा नाही, हे पंचाला शिकावं लागतं. खेळाडूंना ते कुणी सांगत नाही. म्हणून डगआउटमधली दहाच्या दहा माणसं प्रामाणिकपणे ‘सेफ’ म्हणून ओरडतात आणि दहाही जण चुकलेले असू शकतात.

समजा, तो सेफच होता. मग काय झालं असतं? तिसऱ्या बेसवरचा धावपटू घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला असता आणि बरोबरी झाली असती. विजय नाही. तुमचे दोन आउट तसेच होते आणि पुढचा बॅटर यायचा होता. ‘पंचांनी हरवलं’ असं आपण म्हणतो तेव्हा ही मधली पायरी आपण न बोलता गाळून टाकतो.

असाच एक सामना मी स्वतः खेळलो आहे. आम्ही ७-६ ने हरलो. सहाव्या इनिंगमध्ये तीन बॉल, दोन स्ट्राइक झालेले असताना (बॅट न फिरवलेला चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल) आमच्या पिचरचा चेंडू बाहेरच्या कडेवरून आला. मी तो जागच्या जागी झेलला, ग्लोव्ह हलूसुद्धा दिला नाही. पंचांनी बॉल दिला. चौथा बॉल, म्हणून वॉक झाला, म्हणजे बॅटरला पहिला बेस फुकट मिळाला; पुढच्याने डबल (दोन बेसचा फटका) मारला आणि दोन रन गेले. मी मागे वळून पंचांवर ओरडलो. रात्रभर मला तोच चेंडू दिसत राहिला. दुसऱ्या दिवशी स्कोअरबुक घेऊन बसलो ते केवळ माझं म्हणणं सिद्ध करायला. आमच्या पिचरांनी एकूण आठ वॉक दिले होते. माझ्या ग्लोव्हखालून दोन चेंडू निसटले होते आणि त्यातल्या एकावर रन गेला होता. आमचे दहा धावपटू बेसवरच राहिले होते. आठ वॉकमधले सात मला आठवतसुद्धा नव्हते.

स्कोअरबुकमध्ये पंचांच्या चुकीसाठी रकाना नसतो, पण ती डोक्यात राहते, कारण तिला एक ठरावीक क्षण असतो आणि एक चेहरा असतो. चौथ्या इनिंगमधल्या वॉकला चेहरा नसतो.

याचं मोठ्या मैदानावरचं उदाहरण मी नव्या खेळाडूंना नेहमी सांगतो. १९८५ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलची सात सामन्यांची अंतिम मालिका. सेंट लुइस कार्डिनल्स कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध ३-२ ने पुढे होते आणि सहाव्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये १-० अशी आघाडी होती. रॉयल्सच्या होर्हे ओर्टाने पहिल्या बेसच्या बाजूला हळू चेंडू मारला. फेक त्याच्या आधी पोहोचली होती, तरी पंच डॉन डेंकिंगर यांनी सेफ दिलं. चित्रफितीत चूक उघड दिसते आणि स्वतः डेंकिंगर यांनीही ती पुढे मान्य केली. कार्डिनल्सच्या चाहत्यांनी त्यांना ठार मारण्याच्या धमक्या दिल्या. पण त्या चुकीनंतर काय झालं, ते फार कमी जण सांगतात. पुढच्या बॅटरचा फाउलमध्ये, म्हणजे रेषेबाहेर, उंच उडालेला सोपा झेल फर्स्ट बेसमन जॅक क्लार्ककडून राहिला, आणि त्याच बॅटरने मग सिंगल (एका बेसचा फटका) मारला. त्यानंतरच्या बंटवर (बॅट न फिरवता चेंडू हळूच जमिनीवर टाकण्यावर) ओर्टा तिसऱ्या बेसवर आउट झाला, म्हणजे चुकीने सेफ ठरलेला माणूस घरी आलाच नाही. मग कॅचरकडून एक चेंडू निसटला आणि धावपटू एकेक बेस पुढे सरकले. एका बॅटरला मुद्दाम वॉक दिला, आणि पुढच्या सिंगलवर दोन रन गेले. २-१. सातवा सामना अजून बाकी होता. तो कार्डिनल्स ११-० ने हरले. सातही सामने मिळून त्यांनी फक्त १३ रन काढले होते. तरीही तो पराभव आजही डेंकिंगर यांच्या नावाने ओळखला जातो.

मग हौशी संघांत हे एवढं सर्रास का होतं? मला वाटतं, याचं मूळ मैत्रीत आहे. आपण ज्यांच्याबरोबर खेळतो ते आपले मित्र असतात. सुट्टीच्या दिवशी हौसेने येतात, पदरचे पैसे घालून ग्लोव्ह घेतात. ‘दुसऱ्या इनिंगमधला तुझा एरर आपल्याला महागात पडला’ हे शॉर्टस्टॉपच्या तोंडावर म्हणणं जिवावर येतं. पिचरला आठ वॉकचा हिशेब विचारणं त्याहून कठीण. पंच मात्र आपल्यातला कुणी नसतो. सामना संपला की बॅग उचलून तो निघून जातो, पुढच्या सरावाला समोर येत नाही. त्याच्यावर खापर फोडलं तर संघातलं कुणीच दुखावत नाही. हे मी समजू शकतो, मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण त्याची किंमत संघच मोजतो. पंचांमुळे हरलो असं एकदा ठरलं की पिचरला वॉक कमी करायचं कारण उरत नाही. विशेषतः संघात सोळा-सतरा वर्षांची मुलं असतील तर ती हे फार लवकर उचलतात.

आता प्लेटमागून काय दिसतं, तेही सांगतो. होम प्लेट १७ इंच रुंद असते. ताशी १२० किलोमीटरने आलेला चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यावर सुमारे अर्ध्या सेकंदात तिथे पोहोचतो. सामन्यात दोन्ही बाजू मिळून अडीचशे-तीनशे चेंडू पडतात आणि त्यातल्या निम्म्यांवर बॅट फिरतच नाही, म्हणजे त्यांचा निकाल पंचालाच द्यावा लागतो. बाहेरच्या कडेचा खालचा चेंडू सगळ्यात अवघड, कारण पंच बॅटर आणि कॅचरच्या मधल्या फटीत उभा असतो आणि कॅचर बाहेर सरकला की तो कोपरा त्याच्या अंगाआड जातो. माझ्या सहाव्या इनिंगमधला तो चेंडू नेमका तिथलाच होता. मोजणारी यंत्रं आल्यापासून व्यावसायिक पंचांचीही एक सवय उघड झाली आहे: शून्य बॉल, दोन स्ट्राइक असताना त्यांचा स्ट्राइक झोन (ज्या चौकटीतला चेंडू स्ट्राइक ठरतो ती) आकसतो, तीन बॉल, शून्य स्ट्राइक असताना फैलावतो. म्हणजे पंच चुकतात, ठरावीक प्रकारे चुकतात, आणि दोन्ही संघांच्या बाबतीत चुकतात. पंच झाल्यावर पहिल्याच हंगामात मी दुसऱ्या बेसवर एका धावपटूला चुकीचं आउट दिलं. निर्णय देताच मला कळलं होतं. ज्यांचा फायदा झाला ते काही बोलले नाहीत. तेच पुढे हरले आणि वेगळ्या एका निर्णयावरून माझ्याशी भांडले. पहिला निर्णय त्यांच्या लक्षातही नव्हता.

याचा अर्थ तोंड बंद ठेवा, असा नाही. बॉल की स्ट्राइक, सेफ की आउट, फेअर की फाउल हे पंचाच्या नजरेचे निर्णय. नियमांनुसार ते अंतिम असतात आणि त्यावर वाद घालता येत नाही. पण नियमच चुकीचा लावला असेल तर कर्णधाराने किंवा व्यवस्थापकाने बोललंच पाहिजे. उदाहरणार्थ, फक्त पहिल्या बेसवर धावपटू असताना इनफिल्ड फ्लाय दिला, म्हणजे आतल्या मैदानावर उंच उडालेल्या सोप्या चेंडूवर झेल व्हायच्या आधीच बॅटरला आउट दिलं. तो नियम पहिला आणि दुसरा असे दोन्ही बेस भरलेले असतील किंवा तिन्ही भरलेले असतील, आणि दोनपेक्षा कमी आउट असतील, तेव्हाच लागतो. अशा वेळी टाइम मागा, एकट्याने शांतपणे जा, पुढचा चेंडू पडण्याआधी विचारा. हाफ स्विंगवर (अर्धवट फिरवून थांबवलेल्या बॅटवर) बॉल दिला असेल तर मैदानातल्या पंचांना विचारण्याची विनंती कॅचर करू शकतो. फर्स्ट बेसमनचा पाय सुटला असं वाटलं तर प्लेटमागच्या पंचांनी काय पाहिलं ते विचारा, अशीही विनंती करता येते. तसं वाटलं असतं तर तुमच्या प्रसंगातही हा मार्ग खुला होता. आणि कॅचरला माझं एकच सांगणं: मागे वळू नका. समोर बघत हळूच ‘किती बाहेर होता?’ एवढं विचारा. उत्तर मिळतं, आणि पुढच्या पिचला ते उपयोगी पडतं.

काही पंच खरोखर कमी पडतात. जागचे हलत नाहीत, नियम वाचत नाहीत. त्यांच्याबद्दल दुसऱ्या दिवशी आयोजकांना लिहून कळवा, इनिंग आणि प्रसंगासह. मैदानावरच्या आरडाओरड्याने चांगलेही निघून जातात. अमेरिकेत २०१८-१९ नंतरच्या तीन वर्षांत शालेय खेळांतले, सगळे खेळ मिळून, सुमारे ५०,००० पंच कमी झाले. २०२३ मध्ये न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डच्या लिटल लीगने (लहान मुलांच्या बेसबॉल लीगने) तर नियमच केला: पंचाला शिवीगाळ करणाऱ्या पालकाने आधी तीन सामन्यांत पंच म्हणून उभं राहायचं, मगच प्रेक्षक म्हणून परत यायचं.

त्या दिवसाचं स्कोअरबुक सगळ्यांनी मिळून एकदा उघडा. आणि तो शेवटचा चेंडू मारल्यावर तुमचा बॅटर लगेच पळत सुटला, की पहिली एक-दोन पावलं चेंडूकडे बघत राहिला, हे कुणाला आठवतं का, तेवढं विचारून बघा. सव्वा फुटाचा प्रश्न होता.