ऑडिटचं काम घेऊ का?

"बीएस्सी नर्सिंग करून दोन वर्षं आयसीयूत आहे. मेट्रन मला सेफ्टी ऑडिटचं, म्हणजे पेशंटच्या सुरक्षेचे नियम पाळले जातात का ते तपासायचं काम देतायत. सोबतच्या म्हणतात, फॉर्मवर टिकमार्क करत बसशील, हातचं काम विसरशील. काय करू?"
– एक स्टाफ नर्स, सांगली

ताई, काम घ्या. पण मैत्रिणींची भीती अगदीच खोटी नाही. इनचार्जच्या टेबलाशी बसून फाइलवरून फॉर्म भरलात, तर ती कारकुनीच. ऑडिट बेडशेजारी उभं राहून करायचं असतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, आणि चार्टवर प्रत्येक ड्यूटीला तसं लिहिलेलंही असतं. तुम्ही स्पंजिंग किंवा पोर्टेबल एक्स-रे झाल्यावर जाऊन बघा. आडवा केलेला बेड पुष्कळदा तसाच राहिलेला सापडेल. त्यात कुणाची हयगय नसते, तेवढ्यात शेजारचा अलार्म वाजलेला असतो. हे टिपलंत की उपायही सुचतो: बेड वर घेतल्याशिवाय एक्स-रेचं मशीन हलवायचं नाही. नुसतं रागावून हे सुधारत नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइनचा (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीचा) संसर्ग असाच मोजला. नियम पाचच होते: हात धुणं, गाऊन-मास्कसह पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतून लाइन न टाकणं, गरज संपली की काढणं. दर १,००० कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन असणं म्हणजे एक कॅथेटर-दिवस) सरासरी ७.७ संसर्ग होत, ते दीड वर्षात १.४ वर आले. तिथे नियम मोडताना दिसला, तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला होता. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. तुमच्या मेट्रनना आधी हेच विचारा: चूक दिसली तर मी थांबवू शकते ना? आणि महिन्यातल्या काही ड्यूट्या बेडसाइडच्याच मागून घ्या.

पुढची वाट चांगली आहे. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनासाठी रुग्णालयाला इन्फेक्शन कंट्रोल नर्स लागतेच. व्यवस्थापनात जायचं तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदव्युत्तर पदवी आहे. पेशंटजवळच राहायचं असेल, तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बघा. मी तुमच्या जागी असते तर हाच निवडला असता.

पहिल्या महिन्यात एकच गोष्ट मोजा. आणि आकडे फाइलला लावण्याआधी रात्रपाळीच्या सिस्टरांना दाखवा.