बालपुस्तकांचं ऑनलाइन संमेलन, घरबसल्या

प्रश्न : एससीबीडब्ल्यूआय या बालपुस्तकांच्या लेखक-चित्रकारांच्या अमेरिकी संस्थेच्या ऑनलाइन संमेलनाला सांगलीहून बसायचं आहे. तयारी काय करू?

उत्तर : आधी घड्याळ. लॉस एंजेलिसचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. वेळ न्यूयॉर्कची दिली असेल तर तीन तास अलीकडे या. सगळ्याच सत्रांना जागू नका. रेकॉर्डिंग मिळणार का आणि किती दिवस, हे पैसे भरण्याआधी वाचा. थेट ऐकावीत ती प्रश्नोत्तरं.

कार्ड नाकारलं गेलं तर बहुधा त्यावरचे परदेशी व्यवहार बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये चालू करा.

हस्तलिखितावर संपादकाचं मत हवं असेल तर शुल्क सहसा वेगळं, आणि त्या जागा भराभर संपतात. मजकूर इंग्रजीत, १२ पॉइंट, दुप्पट ओळअंतर. चित्रपुस्तक असेल तर आधी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, कराच : ८ कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की चित्रपुस्तकाची नेहमीची ३२ पानं होतात. पहिली तीन-चार शीर्षक, प्रकाशन-तपशील, अर्पणपत्रिका यांत जातात. गोष्ट नवशिक्यांच्या हातून फसते ती इथेच. शेवटाला पानच उरत नाही.