अलेक्झांड्रिया ओस का पडलं आणि पुन्हा कसं भरलं?

तुमचा प्रश्न असा: प्राचीन दीपस्तंभ आणि ग्रंथालयाचं इजिप्तमधलं एवढं थोरलं शहर, मग 1798 मध्ये नेपोलियन उतरला तेव्हा तिथे जेमतेम काही हजारांची वस्ती कशी उरली?

सहसा उत्तर मिळतं ते सातव्या शतकातल्या अरब विजयाचं. मला ते पटत नाही. त्यानंतर कित्येक शतकं व्हेनिसचे व्यापारी मलबारची मिरी घ्यायला याच बंदरात येत होते. कारण शोधायचं तर गोड्या पाण्यात शोधा.

हे शहर नाईलच्या काठावर नाही. समुद्र आणि मारियूत सरोवर यांच्यामधल्या चुनखडीच्या चिंचोळ्या पट्टीवर ते वसलंय. पाणी यायचं नाईलच्या कानोपी फाट्यावरून काढलेल्या कालव्यातून. नदीला पूर आला की कालवा भरायचा, तिथून पाणी घरांखालच्या टाक्यांत घ्यायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि पुढच्या पुरापर्यंत तेच पुरवायचं. अशी शेकडो टाकी होती. त्यांतलं अल-नबीह टाकं शल्लालात बागेत आजही आहे. जुन्या इमारतींचे खांब एकावर एक रचून केलेलं, तीन मजली. ते उघडं आहे का, हे मात्र आधी विचारून जा.

गाळ उपसला नाही की कालवा भरून यायचा, आणि पुढे तर कानोपी फाटाच आटला. मध्ययुगात इजिप्तवर राज्य करणाऱ्या ममलूक सुलतानांनी कालवा पुन्हा खणून पाहिला, तो टिकला नाही. मग नाईलचा माल रोझेटाला, म्हणजे नदीच्या मुखाजवळच्या गावाला, उतरू लागला. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा, तो चुकवत लहान गलबतांनी माल इथवर आणायचा, नावा बुडायच्या. त्यात पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून भारतात पोचले, तेव्हा मिरीलाही दुसरी वाट मिळाली.

एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. दीपस्तंभ जिथे होता ते फारोस बेट किनाऱ्याला जोडणाऱ्या सुमारे सव्वा किलोमीटरच्या बांधाला दोन्ही बाजूंनी वाळू लागत गेली आणि नवी जमीन तयार झाली. तुर्की अमदानीत उरलेली वस्ती तिथेच सरकली, जुन्या तटातलं शहर ओसाड पडलं. आज तुम्ही शहरातल्या मनशिया भागातून अनफूशी भागाकडे चालत जाता, ते या वाळूवरून.

1817 ते 1820 या काळात इजिप्तचा शासक मुहम्मद अलीने वेठबिगारीने महमूदिया कालवा खणून घेतला. हजारो शेतकरी त्यात मेले. शहराच्या वैभवाबद्दल बोलताना हे वगळू नये. पाणी आलं, होड्या आल्या, 1856 पर्यंत कैरोपर्यंत रेल्वेही झाली. मग 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीने कापसाचे भाव चढवले. मुंबईत जी तेजी आली तीच इथेही आली, आणि ग्रीक, इटालियन, सिरियन, ज्यू व्यापाऱ्यांचं जे शहर आपण छायाचित्रांत पाहतो ते त्या पैशाने उभं राहिलं.

महमूदिया कालवा शोधायला निघालात तर शहरात रुंद रस्ता दिसेल. 2020 च्या सुमारास कालवा बुजवून तो केलाय.