प्रत्येक फाइल आधी प्रीप्रेसमधून (छपाईआधीच्या तयारीतून) काढायची का?

प्रश्न : आमच्याकडे टोनरवालं डिजिटल मशीन आहे, जॉब बहुतेक 50-100 प्रतींचे. आलेली पीडीएफ आम्ही सरळ रिपला (फाइल छपाईच्या ठिपक्यांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला) टाकतो. आता ऑफसेटमधून आलेला सहकारी म्हणतोय की प्रत्येक फाइल आधी वेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढायची, ट्रान्सपरन्सी फ्लॅटन करायची (सावलीसारखे पारदर्शक थर एकत्र सपाट करायचे), सगळे रंग सीएमवायकेत (छपाईच्या निळा-गुलाबी-पिवळा-काळा या चार रंगांत) न्यायचे, ट्रॅपिंग द्यायचं (फट दिसू नये म्हणून शेजारचे रंग जरा एकमेकांवर चढवायचे) आणि मगच छापायला सोडायची. जॉब आजच्या आज हवे असतात, मग एवढं सगळं करावं का?

उत्तर : तपासणी प्रत्येक फाइलची करा, फाइलमध्ये हात मात्र सरसकट घालू नका. ही दोन वेगळी कामं आहेत आणि तुमच्याकडे ती एकातच गणली जातायत असं वाटतं.

सहकाऱ्याचं म्हणणं उगाच आलेलं नाही, जुन्या रिपला ट्रान्सपरन्सी झेपायचीच नाही, म्हणून 2001 च्या पीडीएफ/एक्स-1ए या छपाईच्या पीडीएफ-मानकात ती चालतच नव्हती आणि आरजीबीही (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग) नाही. आता पीडीएफ/एक्स-4 या पुढच्या मानकात दोन्ही चालतं आणि आजची बहुतेक रिप ते नीट वाचतात. फ्लॅटन करणं आधीच उरकून टाकलं तर कधीकधी सावलीच्या कडेला बारीक पांढऱ्या रेघा दिसतात, सावलीखाली आलेली अक्षरं शेजारच्या अक्षरांपेक्षा जाड होतात, आणि मग दोष मशीनला देतो आपण.

रंगाचं तर जास्तच जपा. वर्डमधून आलेला काळा मजकूर बऱ्याचदा आरजीबी 0, 0, 0 असतो. बहुतेक रिपमध्ये असा मजकूर फक्त काळ्या टोनरने छापायचं सेटिंग असतं, ते चालू असेल तर काम झालं. पण तुम्ही आधीच ढोबळपणे सीएमवायके केलंत तर त्याचे 75, 68, 67, 90 असे काहीतरी आकडे होतात, म्हणजे एका अक्षरावर चार टोनर आणि एकूण 300 टक्के! रिपला मग तो शुद्ध काळा होता हे कळत नाही. अशी छापलेली 7 पॉइंटची ओळ भिंगाखाली धरा, वेलांटीच्या टोकाला आणि रफाराला गुलाबी-निळसर कड सुटलेली दिसेल. ही ओळ सहकाऱ्यालाही दाखवा, बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.

ट्रॅपिंग रिपमध्येच असतं बहुधा. मशीनचं रजिस्ट्रेशन (चारही रंग नेमके एकावर एक बसणं) ठीक असेल तर लागत नाही, लागलं तर तिथेच चालू करा.

आता तपासणी, तिथे मी अजिबात सूट देणार नाही. फॉन्ट एम्बेड, म्हणजे फाइलमध्येच घातलेले, आहेत का (नसतील तर जोडाक्षरं फुटतात आणि ते छापून झाल्यावरच दिसतं), 3 मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेली छपाई) आहे का, फोटो छापायच्या आकाराला 300 डीपीआयच्या (इंचाला ठिपके) आसपास आहेत का, आणि पांढऱ्या अक्षरांना चुकून ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावरच छापणं) लागलंय का. हे शेवटचं फार फसवं, स्क्रीनवर शीर्षक दिसतं आणि कागदावर गायब, म्हणून ॲक्रोबॅटमध्ये ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू लावून बघायचंच. प्रीफ्लाइटचं (छापण्याआधीच्या आपोआप तपासणीचं) प्रोफाइल एकदा बनवून हॉट फोल्डरला, म्हणजे फाइल टाकली की काम सुरू होणाऱ्या फोल्डरला, जोडलं की बाकीची तपासणी आपोआप होते, अडकलेलीच फाइल माणसाने उघडायची.

वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हे आज ठरवू नका. महिनाभर मशीनशेजारी वही ठेवा, पुन्हा छापावा लागलेला प्रत्येक जॉब आणि त्याचं कारण लिहा. कारणं फाइलची निघाली, म्हणजे फॉन्ट, ब्लीड, आरजीबी लोगो, तर प्रीफ्लाइटच वाढवा. पण सकाळचा निळा आणि दुपारचा निळा वेगळा येतोय असं असेल तर ते कॅलिब्रेशनचं (मशीनचे रंग ठरलेल्या मापावर आणण्याचं) दुखणं आहे, ते रोज आणि कागद बदलला की करायचं, प्रीप्रेसमध्ये कितीही वेळ घातला तरी त्याला फरक पडणार नाही. आणि एकच गिऱ्हाईक दर आठवड्याला तसलीच बिघडलेली फाइल पाठवत असेल तर त्याला एक्सपोर्टचं सेटिंग करून द्या, तेवढ्यानेच बरंच काम हलकं होतं.