गल्ला भरतो, मग पैसा जातो कुठं?

या वेळची पत्रं बहुतेक हॉटेलवाल्यांची आहेत. मी स्वतः अठरा वर्षं रस्त्याकडेला खानावळ चालवली, त्यातली पहिली पाच तोट्यात. खालचं बरंचसं त्या पाच वर्षांत शिकलेलं आहे.

प्रश्न: दारव्हा तालुक्यात माझं हॉटेल आहे. पोटभर थाळी 120 रुपये, रोज साठेक जेवणं होतात. थाळी मला पन्नासात पडते, तरी महिन्याअखेर हाती काही उरत नाही. घरचे म्हणतात, गल्ल्यावरचा पोरगा पैसे खाते. खरं काय असंन?

पोरावर संशय घ्यायच्या आधी एक वजनकाटा घ्या.

तुमचे पन्नास रुपये नुसते किराणा-भाजीचे आहेत. त्यात सिलिंडर नाही, भाकरी थापणाऱ्या बाईंची मजुरी नाही, लाइटबिल नाही, तुमचा स्वतःचा पगार तर नाहीच. जागा घरची म्हणून भाडंही धरलेलं नाही. तीच जागा दुसऱ्याला दिली असती तर भाडं आलं असतं ना? मग ते हॉटेलच्या खर्चात लिहा.

आता तर्रीची पळी बघा. वाढणारा पोरगा ‘भाऊ, तर्री?’ म्हणतो आणि उत्तराची वाट न पाहता ओततो. त्या वरच्या पळीत 15 मिलि तेल धरा. साठ थाळ्यांना झालं 900 मिलि, म्हणजे रोज जवळपास लिटरभर तेल नुसतं वरून. भाकरीचंही तसंच. एका भाकरीला 80 ग्रॅम पीठ लागत असेल आणि ताटामागं एक भाकर उष्टी जात असेल, तर दिवसाला पावणेपाच किलो पीठ बादलीत गेलं. आठ दिवस उष्ट्याची बादली वेगळी ठेवा आणि रात्री तोला. मी पहिल्यांदा तोलली तेव्हा जेवण गेलं नव्हतं.

थाळी पोटभरच ठेवा, हात आखडू नका. फक्त दुसऱ्या खेपेला भाकर अर्धी वाढा. ज्याला भूक आहे तो पुन्हा मागतो, ज्याला नाही त्याच्या ताटात अर्धीच उरते. तर्री वाटीत द्या.

एवढं करूनही हिशोब जुळला नाही तर पोराशी बोला. त्याआधी घरी जाणारा चिकनचा डबा आणि सोयऱ्याधायऱ्यांचा चहा महिनाभर वहीत लिहा. माझ्याकडे चोर मीच निघालो होतो.

प्रश्न: उधारी बंद केली तर गिऱ्हाईक तुटते, चालू ठेवली तर मी मरतो. सगळे म्हणतात, कापूस निघाला की देतो.

कापूस निघतो, पण त्याचा पैसा आधी कृषी केंद्राकडं जातो, मग पीककर्जात, मग पोरीच्या लग्नात. त्या रांगेत हॉटेलवाला शेवटचा. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं खाल्ली, त्या वर्षी माझी अर्धी वही बुडाली. मागायला जायची माझीच छाती झाली नाही.

शिक्षक, बँकवाले, ग्रामसेवक अशा पगारदारांना महिन्याची मेस लावा, पैसे आगाऊ. शेतकऱ्याला एक आकडा ठरवून द्या. माझा दोन हजारांचा होता. तो ओलांडला की जेवण रोख, चहा मात्र चालू. चहा तोडला की माणूस आपल्या दारावरून मान खाली घालून जायला लागतो, आणि मग जुनी बाकीही येत नाही.

प्रश्न: मेहकरजवळ जुन्या हायवेवर ढाबा आहे. समृद्धी महामार्गामुळं ट्रक निम्म्यावर आले. कर्ज काढून एसी हॉल बांधू का?

नका बांधू. नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, जून 2025 पासून 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता चालू आहे. त्यावरून इंटरचेंजशिवाय उतरता येत नाही. दाल-तडक्यासाठी ट्रकवाला उतरून तुमच्यापर्यंत येईल हे मनातून काढा.

पण समृद्धीवर दुचाकी आणि ट्रॅक्टर चालत नाहीत. ते अजून तुमच्याच दारावरून जातात. ती माणसं 180 रुपयांचं पनीर मागत नाहीत. त्यांना सकाळी आलूबोंडा आणि तर्री-पोहे लागतात, बाजाराच्या दिवशी झुणका-भाकर, संध्याकाळी पार्सल. मेनूकार्डावरच्या चाळीस भाज्यांतल्या पाच-सहा ठेवा, त्यात पाटोडी-रस्सा असू द्या. तेरवी-बारशाच्या ऑर्डरी घ्या. मोठ्या गंजांचा, म्हणजे पातेल्यांचा, खर्च एसी हॉलच्या हप्त्यापेक्षा कितीतरी कमी.

प्रश्न: मे महिन्यात रात्री उरलेला चिकन रस्सा सकाळी उकळून वाढला तर चालते का?

बाहेर राहिला असेल तर नाही. अन्नात जंतू झपाट्यानं वाढतात ते 5 ते 60 अंशांच्या दरम्यान, आणि आपल्याकडं मेच्या रात्री तापलेल्या खोलीत गंज किती थंड होणार? काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. उरलाच तर उथळ भांड्यांत ओतून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. त्यापेक्षा कमी शिजवा. नऊ वाजता संपला तर संपला म्हणा.

प्रश्न: कंपोझिशनमध्ये जीएसटी भरतो. बिलात पाच टक्के लावू शकतो का?

नाही. कंपोझिशन म्हणजे छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना. तो कर तुमच्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही. थाळीचा भाव ठरवतानाच तो धरा.

प्रश्न: लग्नसराई आली की स्वयंपाकाचा कारागीर उचल घेऊन पंधरा दिवस गायब होतो.

होणारच. लग्नाच्या कामात त्याला दिवसाला जे मिळतं ते तुम्ही-आम्ही देऊ शकत नाही. ते पंधरा दिवस आधीच ठरवून सुटी म्हणून द्या आणि उचल आठवड्याच्या पगारातून थोडी थोडी कापा. मसाला मात्र त्याच्या हाती ठेवू नका. आमच्या घरी बायको आठवड्याचा मसाला एकदाच दळून डब्यात भरायची, किलोला किती वाट्या ते झाकणावर खडूनं लिहायची. माझ्याकडे चार कारागीर बदलले, रस्सा तोच राहिला.

प्रश्न: आलूबोंडा जुन्या पेपरात बांधून दिला तर खरंच दंड होतो का?

होऊ शकतो, वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ द्यायला मनाई आहे. शाई तेलात उतरते. द्रोण आणा. पळसाच्या पानांचे मिळाले तर उत्तमच, तुमच्या आठवडी बाजारात एखादी म्हातारी घेऊन बसत असेल.